डोंगर, स्मृतिस्तंभ आणि जिओकॅशिंगचा खेळ

दिग्रसचा पत्ता दोन तऱ्हांनी सांगता येतो. यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, दारव्ह्याहून पुसदकडे जाताना लागणारे, अरुणावती प्रकल्पाजवळचे, ही झाली पहिली तऱ्हा. दुसरी केवळ आकड्यांची : उत्तर अक्षांश २० अंश ७ मिनिटे, पूर्व रेखांश ७७ अंश ४३ मिनिटे. पहिला पत्ता समजण्यासाठी ऐकणाऱ्याला मुलूख थोडाफार ठाऊक असावा लागतो. दुसऱ्यासाठी काहीच ठाऊक असावे लागत नाही. खिशातील मोबाइल तेवढा पुरतो. या दुसऱ्या प्रकारच्या पत्त्याभोवती गेल्या पाव शतकात एक जगभर पसरलेला खेळ उभा राहिला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग.

खेळ साधा आहे. एकाने कोठेतरी एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करायचे आणि दुसऱ्याने त्या आकड्यांच्या आधाराने ती हुडकून काढायची. येथील 'कॅश' म्हणजे रोख रक्कम नव्हे. लपवून ठेवलेला साठा या अर्थाचा हा मूळ फ्रेंच शब्द आहे. डबीत फारसे मोलाचे काही नसते. एक वही, जमल्यास पेन्सिल, मुलांना आवडतील अशा चार किरकोळ वस्तू. सापडल्यावर वहीत नाव व तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची आणि डबी होती तशी परत लपवायची. ज्यांना खेळ ठाऊक नाही अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस ती पडू नये, ही यातली खुमारी. शोधण्याची अवघडता आणि वाटेची अवघडता अशा दोन मोजपट्ट्यांवर प्रत्येक डबीला एक ते पाच असे अंक दिलेले असतात. त्यामुळे आजोबांसोबत बागेत जायचे की दोर घेऊन कड्यावर, हे आधीच ठरवता येते.

खेळाची जन्मतारीख नेमकी सांगता येते, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे तिचे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. जमिनीवरील यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत पकडते, ते पोचायला किती वेळ लागला हे मोजते आणि त्यावरून स्वतःची जागा काढते. नागरिकांसाठीच्या संकेतांत अमेरिका जाणूनबुजून चूक मिसळत असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला शंभर-एक मीटरचा चकवा बसे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ २ मे २००० पासून थांबली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा आकड्यांतला पत्ता इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याचा डबा अशी खोगीरभरती होती. तीन दिवसांत लोकांनी ती शोधून काढली. मे महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी या उद्योगाला जिओकॅशिंग हे नाव सुचवले आणि सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. आज जगात तीस लाखांहून अधिक जागा या खेळाच्या नोंदीत आहेत. त्यातून अंटार्क्टिकाही सुटलेली नाही. भारतात मात्र खेळ विरळच आहे. उल्मर यांनी बादली पुरली होती; आजच्या नियमांत काहीही पुरायला मनाई आहे, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

शेवटचे दहा मीटर

आकड्यांचा पत्ता जितका नेमका दिसतो तितका तो नसतो. या खेळात अंश आणि मिनिटे लिहून मिनिटाचे तीन दशांश देतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. त्याचा हजारावा भाग दोन मीटरही भरत नाही. म्हणजे कागदावर पत्ता दोन मीटरांत बसतो. हातातील यंत्र मात्र उघड्या आकाशाखालीही साधारण पाच ते दहा मीटर इकडे-तिकडे दाखवते. दरीत, दाट झाडीत किंवा उभ्या कड्याच्या पायथ्याशी हिशेब आणखी ढासळतो, कारण तेथे आकाशाचा तुकडाच लहान असतो. उपग्रह थोडे दिसतात आणि संकेत कातळावर आपटून, वळसा घेऊन पोचतात. लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक वेगळी आणि शोधणाऱ्याच्या यंत्राची वेगळी.

म्हणून शेवटचा टप्पा डोळ्यांनी आणि हातांनी पार पाडावा लागतो. यंत्र सांगते, 'येथेच कोठेतरी'. मग माणूस दहा-वीस मीटरच्या वर्तुळात दगड उचलून पाहतो, झाडाच्या ढोलीत हात घालतो, गवत बाजूला सारतो. बागेत किंवा माळावर याने काही बिघडत नाही. पण त्या वर्तुळात समाधी असेल, नावे कोरलेला स्तंभ असेल, कोणी आपल्या माणसासाठी लावलेले रोप असेल, तर हीच उचकापाचक वेगळी दिसू लागते. खेळणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. खेळाची रीतच अशी आहे की जागा चाचपावी लागते.

आपल्याकडे तर चाचपणाऱ्या माणसाकडे पाहण्याची एक जुनी नजर आहे. विदर्भात संध्याकाळी टेकडीवर हातात यंत्र घेऊन दगड उलथणारी अनोळखी माणसे दिसली, तर गावकऱ्यांच्या मनात पहिला शब्द येईल तो 'गुप्तधन'. त्यांना हसण्याचे कारण नाही. गुप्तधनाच्या नादाने महाराष्ट्रात अघोरी प्रकार घडलेले आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला तो त्यामुळेच. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे सांगणारा १८७८ चा निखात निधी कायदाही आहे. शहरात गोष्ट निराळी, पण संशय तोच. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना रेल्वे फलाटावर ऐकत वाढलेल्या पिढ्यांना पुलाखाली चिकटवलेली डबी खेळाची वाटणार नाही. इंग्लंडमधील वेदरबी गावात २०११ मध्ये अशीच एक डबी बॉम्ब समजून पथकाने उडवून दिली होती. रानात आणखी एक घोटाळा संभवतो. वन विभाग वाघ-बिबट्यांच्या छायाचित्रांसाठी झाडांना पेटीतील कॅमेरे बांधतो. त्यांना खेळाची डबी समजून हात लावणे महागात पडेल. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हाच मुळात गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

माळीण

दिग्रसहून भीमाशंकरच्या दर्शनाला जाणारे भाविक मंचर, घोडेगाव, डिंभे या वाटेने वर चढतात. याच डोंगरांच्या कुशीत, मुख्य वाटेपासून थोडे आडबाजूला, पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात माळीण हे गाव आहे. सरळ रेषेत मोजले तर दिग्रसपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आदिवासींची, भातशेती करणाऱ्यांची. ३० जुलै २०१४, बुधवार, या दिवसापर्यंत तालुक्याबाहेर हे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते.

त्या आठवड्यात पाऊस संततधार पडत होता. सकाळी गावाच्या वरचा डोंगर सुटला आणि चिखल, दगड, झाडे यांचा लोंढा वस्तीवरून गेला. चाळीसहून अधिक घरे त्याखाली गेली. जगाला हे कळले तेही वेगळ्याच रीतीने : नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि त्याने ते कळवले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पोचले, पण रस्ता अरुंद, चिखल खोल आणि पाऊस थांबेना. शोधकार्य आठवडाभर चालले. मृतांचा आकडा १५१ वर थांबला. तान्हे मूल आणि त्याची आई ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली, ही त्या दिवसांतील थोड्या बऱ्या बातम्यांपैकी एक.

वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवण्यात आले. २ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ६७ घरे सुपूर्द झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या जोरदार पावसात नव्या वस्तीतील भराव खचला, रस्त्यांना तडे गेले आणि लोकांच्या पोटात पुन्हा गोळा आला. जुन्या गावाच्या जागी मृतांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला आहे, झाडे लावली आहेत. दरवर्षी ३० जुलैला नातेवाईक आणि ग्रामस्थ तेथे जमतात.

डोंगर का सुटला, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. उतारावर शेतीसाठी सपाटीकरण, त्यासाठी यंत्रांचा वापर, घटलेली झाडी, पाण्याच्या वाटा बुजणे अशी कारणे पुढे आली. एकट्या कारणावर बोट ठेवणे सोपे असते, पण दरड सहसा एकाच कारणाने कोसळत नाही. तिची मूळ रीत मात्र समजण्यासारखी आहे. सह्याद्री बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा. वरचा कातळ ऊन-पावसाने कुजून मुरूम होतो, मुरुमाची माती होते. खाली घट्ट कातळ आणि वर काही मीटर जाडीचा सैल थर, अशी रचना उतारावर तयार होते. पावसाचे पाणी सैल थरातून झिरपते आणि कातळाशी अडते. जास्त पाणी साचले की ते मातीच्या कणांना आतून दाबून दूर सारते. कण एकमेकांना आणि खालच्या कातळाला धरून ठेवत नाहीत. ओला थर जडही झालेला असतो. तिरक्या फरशीवर ओल्या मातीचा ढीग ठेवून वर पाणी ओतत राहिले, तर तो काही वेळ तग धरतो आणि मग एकदम घसरतो, तसेच हे. त्या 'एकदम'मध्येच धोका आहे.

दिग्रस-पुसदच्या टेकड्यांतही हाच बेसाल्ट आहे; जिल्ह्याच्या पूर्वेला वणीच्या कोळशाच्या आणि चुनखडीच्या पट्ट्याकडे गेल्यावर खडक बदलतो. फरक पडतो तो उताराचा आणि पावसाचा. आपल्या टेकड्या ठेंगण्या, पाऊस बेताचा. सह्याद्रीच्या माथ्यावर तो कितीतरी अधिक आणि तोही सलग. माळीणनंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर डोंगर आला. तेथे २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबवण्यात आला. तिन्ही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत.

डबी कोठे नको

इर्शाळवाडीची गोष्ट जिओकॅशिंगच्या संदर्भात महत्त्वाची ठरते. शोध थांबतो तेव्हा ढिगारा हीच समाधी होते. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात २९ एप्रिल १९०३ च्या पहाटे टर्टल नावाच्या डोंगराचा प्रचंड भाग फ्रँक या खाणकामगारांच्या गावाच्या कडेवर कोसळला. सारे शे-दीडशे सेकंदांत आटोपले. सुमारे ९० माणसे गेली आणि त्यांतील बहुतेकांचे देह आजही त्या शिळांच्या राशीखालीच आहेत. रस्ता आणि रेल्वे त्या राशीतून जाते. १९८५ पासून तेथे माहिती केंद्र आहे. हजारो प्रवासी थांबतात, डोंगराला पडलेली खोक पाहतात आणि पुढे जातात. जागा पाहण्यात काही गैर मानले जात नाही. पण त्या राशीतला दगड उचलून त्याखाली डबी आहे का हे पाहणे ही दुसरीच गोष्ट.

खेळाच्या नियमांत याचा विचार काही अंशी झालेला आहे. जमीन ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असेल त्याची परवानगी हवी. काही पुरायचे नाही, तोडायचे नाही. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवे. प्रत्येक नवी जागा जाहीर होण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षक ती तपासतो. धर्म, राजकारण, धंदा, इतकेच काय धर्मादाय कार्याचाही प्रचार तिच्या वर्णनात चालत नाही. नियम चांगले आहेत. अडचण इतकीच, की परीक्षक दूर बसून नकाशा पाहतो. त्याला स्तंभ दिसेल, पण त्या स्तंभासमोर ३० जुलैला कोण उभे राहते ते दिसणार नाही.

जागेला न विचारता जागेवर खेळ मांडला की काय होते, हे जुलै २०१६ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरील खेळ आला आणि त्यातील काल्पनिक प्राणी पोलंडमधील ऑशविट्झच्या स्मारकात आणि वॉशिंग्टनमधील ज्यूसंहार-संग्रहालयातही दिसू लागले. दोन्ही संस्थांना लोकांना विनवावे लागले, की कृपया हा खेळ येथे खेळू नका. खेळाच्या चालकांनी मुद्दाम ती जागा निवडली नव्हती. आधीच्या एका खेळात लोकांनीच सुचवलेल्या प्रेक्षणीय ठिकाणांची यादी त्यांनी जशीच्या तशी वापरली होती. स्मारके अशा यादीत नेहमीच असतात, कारण ती सहज सापडतात आणि सर्वांना खुली असतात.

जिओकॅशिंगनेही सुरुवातीच्या वर्षांत स्मारकांसाठी एक तोड काढली होती. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांनी डब्या ठेवू दिल्या नाहीत, तेव्हा डबीविना खेळ सुरू झाला. त्याला 'व्हर्च्युअल' कॅश म्हणत. जागेवर जायचे, तेथील फलकावरची तारीख किंवा स्तंभावरील नावांची संख्या टिपायची आणि ती नोंद ठेवणाऱ्याला कळवायची. उत्तर बरोबर आले, की जागा 'सापडली'. अशा जागा इतक्या वाढल्या, की २००५ मध्ये नव्या नोंदी बंद करण्यात आल्या. २०१७ पासून मोजक्या लोकांना पुन्हा मुभा मिळू लागली.

या तोडीत डबी गेली, चाचपणी गेली, हे चांगलेच झाले. पण मृतांच्या नावांची संख्या ही कुलपाच्या किल्लीसारखी वापरायची, हे मनाला खटकते. यावर खेळणाऱ्यांचा युक्तिवाद असा, की मोजण्याच्या निमित्ताने का होईना, माणूस ती नावे वाचतो. एरवी पर्यटक स्तंभासमोर छायाचित्र काढून निघून जातात. यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तरीही मोजणारा आकड्यावर पोचला की थांबतो, आणि स्तंभावर आपल्या घरातील चार नावे असलेला माणूस शेजारी उभा असेल तर त्याला ही मोजणी कशी वाटेल, याचे उत्तर या युक्तिवादात नाही.

डोंगराला विचारलेला प्रश्न

माळीणसारख्या जागेला यापेक्षा चांगली बसेल अशी तिसरी रीत याच खेळात आहे. जानेवारी २००४ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने 'अर्थकॅश' सुरू केली. हा 'अर्थ' इंग्रजी, म्हणजे पृथ्वी. मराठीतील अर्थाशी त्याचा संबंध नाही, जरी लागू पडला असता. येथेही डबी नाही. फक्त अक्षांश-रेखांश, त्या ठिकाणच्या भूरचनेची सोपी माहिती आणि काही प्रश्न. प्रश्न भूविज्ञानाचेच असावे लागतात आणि केवळ फलक वाचून त्यांची उत्तरे मिळता कामा नयेत. समोरचा खडक, माती किंवा उतार पाहूनच ती द्यायची. भाषा चौदा वर्षांच्या मुलाला समजेल अशी हवी. दगड उचलून नेणे, फोडणे वर्ज्य.

म्हणजे जुन्या पद्धतीत प्रश्न स्मारकाला विचारला जात होता, येथे तो डोंगराला विचारला जातो. माळीणच्या संदर्भात हा फरक मोठा आहे. पाहणाऱ्याने स्मारकाजवळ, वाटेवरच उभे राहून वर पाहावे. दरडीची खोक डोंगराच्या माथ्यापासून किती खाली सुरू होते? खोकेच्या आतील गवत-झाडी आणि दोन्ही बाजूंची झाडी यांत आता किती फरक उरला आहे? खाली आलेल्या दगडांच्या कडा धारदार आहेत की गोलाई आलेल्या? नदीने आणलेले दगड गोल होतात आणि आकारानुसार वेगळे पडतात. दरडीने आणलेले दगड कोनेदार राहतात. त्यांत मुठीएवढा आणि घराएवढा शेजारी शेजारी सापडतो. या एका निरीक्षणावरून माणूस पुढे कोणत्याही घाटात उभा राहून ओळखू शकतो, की पायाखालची जमीन पाण्याने वाहून आणली आहे की ती एखाद्या जुन्या दरडीची आहे. जुन्या दरडीवर वस्ती असलेली गावे सह्याद्रीत थोडी नाहीत. डोंगरउतारावर सपाट, भुसभुशीत आणि पाणी धरणारी जागा मिळते ती बहुधा तशीच तयार झालेली असते. घर आणि भातखाचर दोन्हींना ती सोयीची पडते.

वर्णनात आणखी एक गोष्ट असायला हवी, ती म्हणजे दरडीची पूर्वसूचना. डोंगर बहुतेक वेळा आधी काहीतरी सांगतो. उतारावर नव्या भेगा पडतात आणि रुंदावत जातात. विजेचे खांब, झाडे, कुंपण एका बाजूला कलतात. घराची दारे-खिडक्या चौकटीत अडू लागतात. वर्षानुवर्षे स्वच्छ असलेला झरा एकाएकी गढूळ होतो, किंवा जेथे झरा नव्हता तेथून पाणी फुटते. भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक कमी झाले, तर वर कोठेतरी ते अडले आहे असे समजावे आणि त्याच क्षणी ओढ्याच्या वाटेतून बाजूला व्हावे. वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावाच्या डोक्यावर कोळसा खाणीतील कचऱ्याचे ढीग झऱ्यावरच रचलेले होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांतला एक सुटून शाळेवर आला आणि १४४ जण गेले, त्यांत ११६ मुले. ढीग घसरतात ही तक्रार तेथील लोकांनी आधीच केलेली होती. शाळेच्या जागी आज स्मृतिउद्यान आहे.

भेट देणारा माणूस ही चिन्हे शिकून आपल्या गावी परतला, तर त्याने केलेला प्रवास निव्वळ सहलीत जमा होणार नाही. पण हे ठरवायचे कोणी? आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला आपल्या परंपरा, संस्कृती आणि सामूहिक साधनसंपत्ती यांच्या रक्षणाचा अधिकार दिलेला आहे. खेळाच्या नियमातील 'परवानगी' या शब्दाचा अर्थ येथे पुण्यातील एखाद्या कार्यालयाचा शिक्का असा घेऊन भागणार नाही. नोंद कोठल्या शब्दांत असावी, छायाचित्रे काढावीत की नाही, नव्या वस्तीकडे पाहुण्यांनी जावे की नाही, हे ग्रामसभेसमोर मांडून तिचे म्हणणे मराठीत नोंदीच्या अगदी वर लिहावे. ग्रामसभेने नको म्हटले, तर नोंद नको. अर्थकॅशसाठी छायाचित्राची सक्ती करायलाच हवी असे नाही, त्यामुळे हसऱ्या चेहऱ्यामागे स्मृतिस्तंभ, हे दृश्य टाळणे अवघड नाही.

ज्यांना हा खेळ शिकायचा आहे त्यांनी सुरुवात माळीणपासून करण्याचे कारणही नाही. दिग्रस परिसरात एखाद्या शाळेने विज्ञानाच्या शिक्षकांच्या मदतीने रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीचा छेद निवडला, तर खालचा घट्ट कातळ, मधला मुरूम, वरची माती हे तिन्ही थर तेथे एका नजरेत दिसतात. विद्यार्थ्यांना थरांची जाडी अंदाजे मोजता येते, पावसानंतर पाणी कोणत्या थराच्या तळातून पाझरते ते पाहता येते. जागेचा आकड्यांतला पत्ता वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मोबाइलवर घेऊन तो किती मीटरने हलतो याची वही ठेवली, तर उपग्रहाच्या अचूकतेचा धडाही त्यातच होतो. जागेच्या मालकाला आणि पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवले, म्हणजे गुप्तधनाची आवई उठणार नाही. यंत्र म्हणून मोबाइल पुरेसा आहे. परदेशातून आणलेली, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. अशी उपकरणे सोबत घेऊन आलेले परदेशी पर्यटक येथे अडचणीत आलेले आहेत.

सह्याद्रीतील जागांसाठी मात्र एक पथ्य सक्तीचे मानायला हवे. या खेळात कोणतीही नोंद काही काळापुरती बंद ठेवण्याची सोय आहे. बंद असताना ती जागा शोधायला जाऊ नये, असा संकेत आहे. दरडप्रवण डोंगरावरील नोंद जूनच्या पहिल्या पावसाबरोबर बंद करावी आणि ओढे निवळले, उतार वाळले, भाताची कापणी उरकली की दिवाळीनंतर पुन्हा उघडावी. ३० जुलै या बंद काळातच येतो. त्या दिवशी माळीणला जाणारी वाट गावकऱ्यांसाठी मोकळी राहील.